गाडी घसरण्याची योग्य जागा

लोथार क्रालला आगगाडी नकोच होती. त्याला फक्त तण काढायचं नव्हतं.

हेर्ने शहराच्या कडेला, कालव्याच्या अलीकडे, 'सायंशांती' नावाची बागांची वसाहत आहे. मंडळाकडून भाड्याने घेतलेले जमिनीचे तुकडे, प्रत्येकावर एक लाकडी खोपटं, मध्ये कुंपणं. त्यांतला एक तुकडा लोथारचा होता. लोथारचा म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात तो त्याच्या बायकोचा, रोझवीथाचा. दर शनिवारी ती तिथं जाऊन घेवड्याशी, कांद्यांशी आणि कुंपणापलीकडच्या माणसांशी तासन्‌तास बोलायची. लोथार खोपटात बसून शब्दकोडं सोडवायचा. संसारात कामांची वाटणी असतेच. कर भरणं, गाडी धुणं आणि जिन्यातला दिवा गेला की घरमालकाला खडसावणं लोथारकडे. माणसांशी बोलणं रोझवीथाकडे. ही वाटणी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली. मग रोझवीथा गेली, आणि लोथारच्या लक्षात आलं की तिच्या खात्याचा कारभार बघायला दुसरं कुणी नेमलेलंच नाही.

पुढचे दोन उन्हाळे त्या तुकड्याकडे कुणी बघितलं नाही. म्हणजे लोथारने बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं. गवत कमरेपर्यंत आलं, पिवळ्या रानफुलांच्या म्हाताऱ्या उडून अख्ख्या रांगेच्या वाफ्यांत उतरल्या. शेवटी मंडळाचे अध्यक्ष ग्रोटे स्वतः आले. ग्रोटे हा भला माणूस, पण त्याच्या पँटच्या खिशात कायम मोजपट्टी असे, आणि खिशात मोजपट्टी असलेला माणूस कितीही भला असला तरी कधीतरी ती बाहेर काढतोच. त्यांनी गवताची उंची मोजली, टोपी काढून आधी रोझवीथाबद्दल हळहळ व्यक्त केली, टोपी घातली आणि मग सांगितलं की उन्हाळ्याच्या आत काही केलं नाही तर तुकडा दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल.

तुकडा गेला असता तरी लोथारचं काही अडणार नव्हतं. त्याला कोबी आवडत नसे. पण घरी आल्यावर त्याला झोप लागेना. रोझवीथाचे बागेतले बूट अजून त्या खोपटाच्या दाराशी होते. ते उचलून कुठे न्यायचे?

कपाटावर एक खोकं पडलं होतं. लोथार विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासायच्या खात्यात होता. निवृत्त झाला तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला बागेत चालवायची आगगाडी दिली होती: एक इंजिन, दोन डबे आणि गोल जोडता येतील एवढे रूळ. लोथारला तो अपमान वाटला होता. आयुष्यभर लोकांच्या फुटक्या छपरांचा आणि जळक्या गालिच्यांचा निकाल लावायचा, 'निष्काळजीपणा, दावा नामंजूर' असं स्वच्छ अक्षरात लिहायचं, आणि शेवटी हातात काय, तर खेळणं. पण त्या रात्री त्याच्या हिशेबी डोक्यात एक सरळ विचार आला. जिथं रूळ, तिथं खडी. जिथं खडी, तिथं गवत नाही. म्हणजे रूळ पुरेसे लांब असले की प्रश्नच मिटला.

जगातले बहुतेक मोठे प्रकल्प असेच सुरू झाले असावेत.

गवत कापून त्याने अलुबुखाराच्या झाडाभोवती रूळ मांडले आणि बटण दाबलं. गाडीने अर्धी फेरी मारली आणि ती शांतपणे कुशीवर झोपली. त्याने उचलली, पुन्हा सोडली. पुन्हा कुशीवर. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "पाया नाही."

हा लिप्का. उजवीकडचा शेजारी. लिप्काने आयुष्य खऱ्या रेल्वेत काढलं होतं. मालगाड्या हाकल्या होत्या. तो कुंपणावर कोपर टेकून उभा राहिला आणि त्याने पाया कसा खणतात, खडी किती टाकतात, पाणी कुठे काढून देतात ते सविस्तर सांगितलं. सगळं ऐकल्यावर लोथारला वाटलं, ह्या पायावरून कोळशाच्या चाळीस वाघिणी आरामात जातील. पण अनुभवी माणसाला कसं सांगायचं की आपलं इंजिन पावाच्या लादीएवढं आहे?

त्याने खणायला घेतलं, आणि शनिवारी दुपारी त्याच्या कुदळीने रांगेचा पाण्याचा पाइप फोडला.

पाणी इतकं उंच उडालं की पलीकडच्या रांगेतल्या लोकांनीही माना वर केल्या. दहा मिनिटांत लोथारच्या तुकड्यावर सबंध रांग हजर. कुणी रबरी नळी आणली, कुणी चिंध्या, कुणी नुसतं मत. डावीकडच्या यानोटाबाई पाणी बंद करायची किल्ली घेऊन आल्या. बाई आडव्या बांध्याच्या, डोक्याला रुमाल, आणि शब्द तर असे की एक निघाला की त्याच्या मागून वरात. मागे उभं राहून त्या सगळ्यांना सांगत होत्या की इथं पाइप आहे हे रोझवीथाला माहीत होतं, तिने या जागेवर कधी कुदळ मारली नसती. लोथार चिखलात उभा होता. चष्म्यावर पाणी, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. दुसऱ्याच्या घरात हे घडलं असतं तर त्याने तीन शब्दांत निकाल दिला असता. आज ते तीन शब्द त्याच्या स्वतःच्या कपाळावर लिहिलेले होते.

रात्री घरी बूट वाळत टाकताना त्याला एक चमत्कारिक गोष्ट आठवली. त्या दिवशी तो एकूण अकरा माणसांशी बोलला होता. त्याआधीच्या महिन्यात मिळून तीन. त्यातली एक दाताची डॉक्टर, आणि तिच्याशी बोलताना त्याचं तोंड उघडं ठेवलेलं होतं.

मग प्रश्न आला नियमांचा. ग्रोटे पुन्हा आले, या वेळी मोजपट्टी आधीच हातात. मंडळाच्या नियमांत कोंबड्या होत्या, तंबू होते, पोहण्याचे टब होते, आगगाडी नव्हती. नियमात नसलेली गोष्ट दिसली की ग्रोटेंना रात्रभर चैन पडत नसे. ही वास्तू म्हणायची की खेळणं? वास्तू असेल तर कुंपणापासून अंतर हवं. खेळणं असेल तर रात्री आत उचलून ठेवायला हवं. आणि वाहन असेल तर वसाहतीत वाहनांना बंदीच आहे. चर्चा तीन बैठका चालली. शेवटी तोडगा निघाला की ती 'फिरती शोभा' आहे. कुणाच्या तरी दारातल्या शोभेच्या पवनचक्कीला तेच कलम लावलं होतं. अटी दोनच: दुपारी एक ते तीन विश्रांतीच्या वेळात गाडी शिट्टी वाजवणार नाही, आणि तुकड्याचा तिसरा हिस्सा भाजी-फळांखाली पाहिजे.

म्हणजे जी भाजी टाळण्यासाठी आगगाडी आणली, तीच आता आगगाडी टिकवण्यासाठी लावायची होती. लोथारने रुळांच्या मधल्या जागेत मुळे, गाजरं आणि नवलकोल लावले. यानोटाबाई कुंपणावरून सूचना देत होत्या. नवलकोल इतका जवळ लावू नका, क्रालसाहेब, तो पसरतो. क्रालसाहेबांनी मान हलवली आणि जवळच लावला, कारण त्याने जागेचा हिशेब कागदावर केला होता आणि कागदावर नवलकोल पसरत नव्हता.

जूनमध्ये तो पसरला. त्याची पानं दोन्ही बाजूंनी रुळांवर झुकली आणि गाडी त्यांतून अशी निघे की जणू लग्नघरातून पाहुणा निघतोय, जो तो धरून ठेवतोय. पानांबरोबर कवच नसलेल्या तपकिरी गोगलगायी आल्या. त्या रात्रभर रुळांवरून फिरत. सकाळी रूळ असे बुळबुळीत की चढावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची आणि गाडी मागे घसरत खोपटापुढच्या छोट्या स्टेशनात परत यायची. लिप्का म्हणाला, खऱ्या रेल्वेत यावर वाळू टाकतात. लोथारने वाळू टाकली. ती इंजिनाच्या दातेरी चाकांत गेली आणि इंजिन यानोटाबाईंच्या कॉफीच्या चक्कीसारखं बोलू लागलं. बाईंनी ते ऐकून त्याला बजावलं की लिप्काचं ऐकू नका, तो माणूस हेर्नेहून निघून एकदा झोपेत, जिथं थांबायचं ते डोर्टमुंड स्टेशनच ओलांडून गेला होता. लिप्काने पलीकडून सांगितलं की तो झोपला नव्हता, सिग्नल चुकीचा होता. दोघं अर्धा तास लोथारच्या डोक्यावरून भांडले. लोथार मध्ये बसून चाकं पुसत होता. त्याला बरं वाटत होतं. का, ते त्याला त्या वेळी कळलं नाही.

लिप्काचा पुढचा सल्ला जास्त महागात पडला. रुळांच्या सांध्यात फटी कशाला ठेवता, हल्ली खरे रूळ सलग जोडतात, टकटक आवाजच येत नाही. लोथारने एकेक सांधा घट्ट आवळून बसवला. जुलैत ऊन तापलं. एका दुपारी तो आला तर अलुबुखाराजवळचे रूळ सापासारखे नागमोडी होऊन जमिनीवरून वर उचलले गेले होते. लिप्का कुंपणावरून वाकला आणि म्हणाला, हे खऱ्या रेल्वेत होत नाही. त्याच्या आवाजात तक्रार होती, जणू लोथारच्या रुळांनी रेल्वे खात्याची बदनामी केली होती.

एव्हाना खणलेल्या मातीचा कोपऱ्यात डोंगर झाला होता. डोंगर फेकायला मालट्रक लागला असता. म्हणून लोथारने त्यात पाइप घालून बोगदा केला. चांगला लांब. हात कुठूनच पोचणार नाही इतका लांब. हे त्याला उद्घाटनाच्या दिवशी कळलं.

उद्घाटनाची कल्पना त्याची नव्हती. यानोटाबाईंनी परस्पर ठरवून सगळ्यांना सांगितलं होतं. बटाट्याचं सॅलड आलं, भाजलेले सॉसेज आले, बिअरची पेटी आली. ग्रोटेंनी छोटं भाषण केलं आणि त्यात रोझवीथाचं नाव घेतलं. लोथारने बटण दाबलं. गाडी निघाली, नवलकोलातून गेली, चढ चढली, बोगद्यात शिरली. सगळे दुसऱ्या तोंडाशी जमून उभे राहिले. गाडी आली नाही.

थोड्या वेळाने लिप्का पोटावर आडवा झाला आणि त्याने विजेरीचा झोत आत सोडला.

"काय आहे?" ग्रोटेंनी विचारलं.

"बाळंतीण आहे," लिप्का म्हणाला.

साळिंदराचा धाकटा चुलतभाऊ शोभावा असा एक काटेरी प्राणी असतो, जाहक. त्याच्या मादीने बोगद्यात पाला ओढून घर केलं होतं, आणि तिच्या पोटाशी चार गुलाबी पिलं होती. इंजिन तिच्या पाल्याच्या ढिगात नाक खुपसून थांबलं होतं. त्याचा दिवा तिच्या तोंडावर चमकत होता आणि ती त्याच्याकडे, बेल न वाजवता घरात घुसलेल्या विमा एजंटाकडे बघावं तशी बघत होती.

ग्रोटेंनी टोपी काढली. जाहक संरक्षित. पिलं मोठी होऊन निघून जाईपर्यंत बोगद्याला हात लावायचा नाही, खणायचं नाही, आत काठी घालायची नाही. लोथारने विचारलं, आणि माझं इंजिन? ग्रोटे म्हणाले की कायद्यात इंजिनाबद्दल काही नाही.

अशा रीतीने लोथार क्रालची रेल्वे सुरू झाली त्याच दिवशी बंद पडली. आणि तो उन्हाळा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात गजबजलेला उन्हाळा ठरला. संध्याकाळ झाली की माणसं बोगद्याशी येत. कुणी पाण्याची बशी आणे, कुणी दूध. दुधाने जाहकांना त्रास होतो म्हणून यानोटाबाई दूधवाल्यांना हाकलून लावत. त्यांनी पुठ्ठ्यावर 'हळू बोला, बाळंतीण आहे' असं लिहून लावलं आणि त्याच्याखाली बसून स्वतः मोठ्याने बोलत राहिल्या. लोथारला खुर्च्या कमी पडू लागल्या. तो थर्मासमधून कॉफी ओतायचा, बिस्किटं फिरवायचा आणि माणसांमध्ये बसायचा. काही बोलावं लागत नसे. जाहक होते, आणि त्यांच्याबद्दल प्रत्येकाला मत होतं.

अशाच एका संध्याकाळी, बाकीचे गेल्यावर, यानोटाबाई कप गोळा करत होत्या.

"रोझवीथा मला म्हणायची," त्या म्हणाल्या, "तो आत बसून कोडं सोडवतो असं दाखवतो. पण कान सगळे इकडेच असतात."

लोथारने कप खाली ठेवला.

"खुर्ची खिडकीशी ठेवली होती मी," तो म्हणाला. "तिथून तुमचंही ऐकू यायचं."

"मग आत कशाला बसायचात?"

बाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. त्यांनी कप धुतले आणि त्या गेल्या. लोथार अंधार पडेपर्यंत बसून राहिला. ती बाहेर बोलत असायची, तो आत ऐकत असायचा, आणि घरी जाताना ती त्याला सगळं पुन्हा सांगायची. आपण आधीच ऐकलंय, हे त्याने तिला एकदाही सांगितलं नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं.

सप्टेंबरात पिलं आईच्या मागून एकेक करून कुंपणाखालून निघून गेली. इंजिन बाहेर काढलं. त्यात पाला आणि थोडी विष्ठा होती, बाकी ठीक होतं. लोक म्हणाले, चला, सुटलात. आणि संध्याकाळी कुणी आलं नाही.

हिवाळाभर लोथार कामाला लागला. इथं त्याच्या स्वाभिमानाचा प्रश्न होता. एवढ्या माणसांदेखत एकही गोष्ट धड न होणं ही गोष्ट दावे तपासणाऱ्या माणसाला शोभत नव्हती. त्याने रुळांच्या सांध्यांत मोजून फटी ठेवल्या. बोगद्याला वरून झाकण केलं. नवलकोलाला दूर नेलं. गोगलगायी तांबं ओलांडत नाहीत म्हणून रुळांच्या कडेने तांब्याची पट्टी बसवली. चढ कमी केला, वळणं रुंद केली, आणि खालच्या खड्ड्यात एक छोटं तळं करून त्यावरून पूल नेला. पूल बघून लिप्कासुद्धा काही बोलला नाही.

वसंतात गाडी सुटली आणि चालू लागली. नवलकोलाशेजारून, बोगद्यातून, पुलावरून, झाडाला वळसा घालून पुन्हा स्टेशनात. एकदा, दहादा. कुठे अडखळणं नाही. पहिल्या शनिवारी शेजारी कुंपणाशी आले. लिप्काने तीन फेऱ्या बघितल्या. त्याची नजर प्रत्येक सांध्यावर जात होती, कुठे काही सापडतंय का. काही सापडलं नाही. "छान," तो म्हणाला, थोडा हिरमुसून, आणि बटाटे लावायला गेला. यानोटाबाई म्हणाल्या, वा, अगदी देखणी. ग्रोटे म्हणाले, नियमानुसार. मग सगळे आपापल्या वाफ्यांकडे वळले.

पुढच्या शनिवारी लोथारने बेकरीतून केक आणला, सहा तुकडे. खुर्च्या मांडल्या. गाडी सोडली. लोक वाटेवरून जाताना हात हलवत, छान चाललीय म्हणत आणि पुढे जात. चांगल्या चाललेल्या गोष्टीशी थांबून माणसाने बोलायचं तरी काय? लोथारने दोन तुकडे खाल्ले आणि चार घरी नेले. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याने केक आणला नाही. गाडी फिरत राहिली. त्याने दोनदा तोंड उघडून लिप्काला हाक मारायचं मनात आणलं, पण हाक मारून पुढे काय म्हणायचं ते ठरेना. 'या, काही बिघडलेलं नाही' असं कुणी कुणाला बोलावतं का? नोकरीतली एक गोष्ट त्याला आठवली. ज्यांचं काही मोडत नसे त्यांचे चेहरे त्याने कधी बघितलेच नव्हते. वर्षानुवर्षं हप्ते भरणारी ती माणसं. कुणी त्यांच्या दाराची बेल वाजवत नसे.

असा मे महिना गेला.

जूनच्या पहिल्या शनिवारी, जेवणानंतर, सगळी वसाहत खोपटांत आडवी झालेली असताना लोथार हातात छोटा पेचकस घेऊन बाहेर आला. तो पुलापाशी गुडघ्यावर बसला. त्याच्या धंद्यात आग, पूर, वादळ, निष्काळजीपणा या सगळ्यांच्या खाली एक शब्द होता, ज्याच्याखाली लोथार पेनाने दोनदा रेघ मारत असे: हेतुपुरस्सर. असं करणाऱ्या माणसांचा त्याला मनापासून तिटकारा होता. त्याने पेचकस सांध्याच्या स्क्रूला लावला आणि एक आटा ढिला केला. मग दुसरा.

मान वर केली तर कुंपणापलीकडे यानोटाबाई. हातात पाण्याची झारी, डोक्याला रुमाल. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. झारीतलं पाणी संपलेलं होतं.

लोथार उठला नाही. उठून करणार काय? कानांपर्यंत लाल होऊन तो पेचकस मुठीत धरून बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळलं की टेबलाच्या पलीकडे बसलेल्या त्या सगळ्या माणसांना काय वाटत असेल.

बाईंनी आधी लिप्काच्या खोपटाकडे बघितलं. तिथून घोरणं ऐकू येत होतं. मग त्या कुंपणावरून वाकल्या आणि, कधी नव्हे ते, खालच्या आवाजात बोलल्या.

"तो नको, क्रालसाहेब. तिथं घसरली तर इंजिन तळ्यात जाईल. तो गूसबेरीजवळचा ढिला करा. तिथं सावली आहे, आणि सहा खुर्च्या मावतात."

लोथारने त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. घेवडा किती खोल लावायचा हे सांगताना असे, तसाच चेहरा.

"आणि तीनच्या आत नको," त्या म्हणाल्या. "ग्रोटेंची झोपमोड होईल. तोवर माझा रुबार्बचा केकही होतो."

त्या आत गेल्या. लोथारने पुलाचे स्क्रू पुन्हा आवळले, नीट, आधीसारखे. मग तो पेचकस घेऊन गूसबेरीच्या झुडपापाशी गेला.

तीन वाजून गेल्यावर गाडी स्टेशनातून सुटली. बोगदा झाला, पूल झाला. गूसबेरीशी इंजिन क्षणभर डगमगलं आणि दोन्ही डब्यांसकट सावकाश खडीत आडवं झालं. आवाज फार झाला नाही, पण लिप्काचं घोरणं थांबलं. खोपटाचं दार करकरलं.

"मी म्हटलं होतं," कुंपणापलीकडून आवाज आला, झोपेने जड आणि अतिशय समाधानी. "त्या वळणाचं मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"या, बघा तरी," लोथार म्हणाला, आणि खुर्च्या आणायला गेला.